माझी नोंद

पाठ्यपुस्तकातला सर्वांत निर्दोष मजकूर कोणता, असं विचारलंत तर मी डोळे मिटून सांगेन: कोरं पान. त्यात शुद्धलेखनाची चूक नाही, कुणाच्या भावना दुखावत नाहीत आणि त्यावरून मोर्चाही निघत नाही. 2023-24 मध्ये राज्य सरकारच्या दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत ही पानं शिवून आली. डोक्यावर छापलेलं, 'माझी नोंद'. दप्तर हलकं होणार, गरिबाचा वह्यांचा खर्च वाचणार. एका पुस्तकाचे चार भाग झाले ते वेगळंच. आमच्या पुतणीचा दुसरा भाग दिवाळीत रद्दीत गेला.

पाचवीतल्या या पुतणीचं पान पहिल्या दोन भागाकारांतच संपलं. तिसरा समासात गेला. चौथ्याला बाई म्हणाल्या, "वही आण गं, दोनशे पानी." म्हणजे वही आलीच, वर तिचं बाळ पुस्तकाच्या पोटात. आणि पुस्तकात पेनानं लिहिलं म्हणून आजीनं धपाटा घातला. आजीचं चुकलं कुठं? आमच्या घरात खाकी कव्हर घातलेलं एकच भूगोलाचं पुस्तक थोरल्याकडून धाकट्याकडं, मग निम्म्या किमतीत गल्लीतल्या पोराकडं जायचं. वहीचे पैसे वाचवायला निघालेल्यांनी हा सगळा व्यवहार बुडवला. दुसऱ्याचे भागाकार असलेलं पुस्तक घेणार कोण? या अकलेला शासन निर्णय म्हणतात, आणि त्याला क्रमांकही असतो!

कागदानं भागलं नाही तर क्यूआर कोड आहेच. धड्यापाशी ठिपक्यांची रांगोळी, त्यामागं म्हणे व्हिडिओ. घरात फोन एक, तो बापाबरोबर सकाळी कामावर जातो, रात्री नऊला येतो तेव्हा चार टक्के चार्जिंग उरलेलं आणि रिचार्ज कालच संपलेलं. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तक फुकट, पण ते बोलायला लागलं की महिन्याचं भाडं सुरू.

जानेवारी 2025 मध्ये सरकारला शोध लागला की मुलं ही पानं फारशी वापरत नाहीत, वह्या आणतातच. 2025-26 पासून पानं बंद झाली. हे आमच्या बाईंनी पहिल्या आठवड्यात, फुकटात सांगितलं होतं.

परवा रद्दी काढताना पुतणीचा तोच दुसरा भाग सापडला. एकच 'माझी नोंद' भरलेली होती. तिनं त्यावर स्केचपेननं क्यूआर कोड काढला होता, चौकटी मोजून. मी फोन धरून पाहिला. बराच वेळ धरला.