कडेवरच्या मुलाचे निवडणूक कायद्यातील स्थान

मुंबईच्या उपनगरांतील नवपालक, म्हणजे ज्याच्या घरात गेल्या वर्ष-दीड वर्षात बाळ आले आहे आणि ज्याची प्रत्येक संध्याकाळ डायपर, नाचणीचे सत्त्व व तापाचे औषध यांच्या खरेदीत जाते असा प्रौढ मतदार, हा निवडणुकीच्या अभ्यासात स्वतंत्र वर्ग म्हणून गणला जात नाही. जात, भाषा, उत्पन्न आणि वय यांनुसार मतदारांची विभागणी होते. आदल्या रात्री मिळालेली झोप हा निकष मात्र कोणी लावत नाही, आणि मतदानाच्या दिवशी तोच बाकी सगळ्यांना पुरून उरतो.

या वर्गाची शासनाशी पहिली गाठ जन्मदाखल्याच्या निमित्ताने पडते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते. नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत कळवता येते. ही मुदत ठरवणाऱ्याने आत्या, दोन आज्या आणि पत्रिकेतले आद्याक्षर यांच्यातील वाटाघाटी जवळून पाहिल्या असाव्यात. दाखल्यासाठी पालिकेच्या विभाग कार्यालयात गेल्यावर नवपालकाला कळते की आपण अंधेरीत राहत नसून ‘के पश्चिम’मध्ये राहतो, बोरिवली म्हणजे ‘आर मध्य’, घाटकोपर म्हणजे ‘एन’ आणि मुलुंड म्हणजे ‘टी’. पालिकेची ही वर्णमाला मधली आय, जे, ओ, क्यू ही अक्षरे गाळून ‘टी’पाशी संपते, त्यामुळे पुढची अक्षरे ठाणे महापालिकेच्या हद्दीत येतात असा मुलुंडच्या एखाद्या बाळाचा समज झाला तर त्याला दोष देता येणार नाही.

दाखल्याहून अधिक राजकीय शिक्षण बाबागाडी देते. तोवर परराष्ट्र धोरणावर रात्री उशिरापर्यंत ठाम मते मांडणारा हा मतदार बोरिवलीच्या एल. टी. रोडवर बाबागाडी घेऊन उतरला की त्याच्या आस्थेचे विषय झपाट्याने आकुंचन पावतात आणि पदपथाची उंची, उखडलेले पेव्हर ब्लॉक, दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या आणि मोटरसायकली चढू नयेत म्हणून रोवलेले खांब, ज्यांमधून मोटरसायकल सहज जाते व बाबागाडी अडकते, एवढ्यांवर येऊन थांबतात. अखेर बाळ एका कडेवर आणि घडी केलेली बाबागाडी दुसऱ्या खांद्यावर अशी यात्रा घरी परतते. याची तक्रार नगरसेवकाकडे करावी, तर मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधला कारभार प्रशासकाकडे, म्हणजे निवडून न आलेल्या अधिकाऱ्याकडे होता. त्या काळाच्या आरंभी जन्मलेले मूल चालायला, बोलायला आणि कुरकुर करायला शिकले, तरी त्याच्या प्रभागाला नगरसेवक मिळाला नव्हता.

लोकसभा आणि विधानसभा यांच्या मतदानाला लागू असलेल्या निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये मात्र या मुलाची आस्थेने दखल घेतलेली आहे. मतदारांखेरीज केंद्रात कोणाला येऊ द्यावे याची जी यादी त्यात आहे, तीत मतदान अधिकारी, निवडणुकीच्या कामावरील लोकसेवक, उमेदवार व त्यांचे प्रतिनिधी अशा वजनदार मंडळींबरोबर मतदाराच्या कडेवरचे मूलही बसलेले आहे. म्हणजे त्या केंद्राचा मतदार किंवा उमेदवार नसलेल्या मंत्र्याला जेथे केवळ मंत्री म्हणून शिरता येत नाही, तेथे एकही दात न आलेली व्यक्ती लाळ गाळत सन्मानाने प्रवेश करते. नियमाने वयाची अट घातलेली नाही, केवळ आसन सांगितले आहे. त्यामुळे शाळेच्या फाटकापर्यंत धावत आलेले, चांगले पंधरा किलोंचे मूल केंद्राध्यक्ष दिसताच उचलले जाते आणि त्याच क्षणी त्याचा कायदेशीर दर्जा पालटतो. मताच्या गुप्ततेचा प्रश्न अर्थातच उरतो. यंत्रावरील निळे बटण आपणच दाबावे असे बाळाला फार वाटते, आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कोणाला गेले ते कागदाच्या चिठ्ठीवर सात सेकंद दाखवणारे यंत्र, ते पालकाहून अधिक लक्ष देऊन पाहते. बोलता न येणाऱ्या साक्षीदारापासून लोकशाहीला धोका नाही. परंतु अंकलिपीतील कपबशी आणि शिवणयंत्र ओळखू लागलेले मूल बाहेर येताच बाबांनी कोणते चित्र दाबले हे साऱ्या रांगेला सांगून मोकळे होते.

रांगेत बाळाला शांत ठेवण्याचे जे साधन आजच्या पालकाला ठाऊक आहे, तो मोबाइल केंद्रात नेता येत नाही, आणि पाठ असलेली बडबडगीते दोनच असल्याने ती संपल्यावर पुढच्या आजोबांची काठी व मागच्या काकूंच्या बांगड्या यांवर काम भागवावे लागते. बरेच जण म्हणून ‘बाळ झोपले की जाऊ’ असे ठरवतात, बाळाबरोबर स्वतःही झोपतात आणि सहा वाजल्यानंतर उठतात. २० मे २०२४ रोजी, मेच्या उकाड्यात, मुंबईत लोकसभेचे मतदान झाले तेव्हा अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव हा भाग असलेल्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते पडली, म्हणजे अंतर अवघे ४८ मतांचे होते. त्या दुपारी वर्सोव्यापासून दिंडोशीपर्यंत किती बाळे झोपली होती आणि त्यांच्याशेजारी किती मतदार, याचा हिशेब कोणी मागितलेला नाही.

शाईच्या बाबतीत बाळ आईवडिलांच्या पुढेच असते. पल्स पोलिओ, म्हणजे पाच वर्षांखालील सर्व मुलांना एकाच मोहिमेत दोन थेंब पाजण्याचा १९९५ पासूनचा उपक्रम, यातही बूथ असतो, यादी असते आणि डोस घेतल्याची खूण म्हणून डाव्या करंगळीवर शाई लागते. मतदाराच्या डाव्या तर्जनीवरील शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. पालिकेच्या २०२६ च्या निवडणुकीत मात्र मार्कर पेन वापरले गेले आणि ती खूण पुसली जाते की नाही यावर मोठा वाद झाला, ज्यात पोलिओच्या मार्करशी रोज झुंजणाऱ्या आयांचे मत घ्यायला हरकत नव्हती. फरक पुढे आहे. करंगळी कोरी राहिली तर आरोग्यसेविका चार जिने चढून दार वाजवते आणि भिंतीवर खडूने तशी खूणही करते. तर्जनी कोरी राहिली तर कोणी येत नाही. मतदार यादीचे काम करणारे बीएलओ, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकारी, अनेकदा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, आणि त्यांना घरात १८ पूर्ण केलेले कोणी आहे का एवढेच हवे असते. पाच आणि अठरा यांच्या मधल्या १३ वर्षांत मुलाची चौकशी करायला कोणी येत नाही. वय न विचारता त्या दाराशी येतात ते उमेदवारच. ते हात जोडतात, बाळाला पालकाच्या हातातून घेतात, छायाचित्र होईपर्यंत कडेवर ठेवतात, आणि दात येण्याच्या बेतात असलेले बाळ गळ्यातले उपरणे तोंडात धरते. सकाळच्या पक्षाचे जितक्या आवडीने, तितक्याच आवडीने संध्याकाळच्या.