वाघाची वाट मोकळी, माणसाची अडवलेली

दिवाळी जवळ आली की फोटोग्राफी सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. पूर्वी त्यात नुसता ताडोबाचा वाघ असायचा. आता त्याला 'आदिवासी उत्सव' जोडतात. सकाळी सफारी, संध्याकाळी नृत्य, सोबत जाणत्या फोटोग्राफरचं मार्गदर्शन. वाघ दिसला तर दिसला. माणसं कुठे पळून जाणार?

ताडोबात शिरताना काय काय बजावतात? मोबाईल आत नाही. जिप्सीतून उतरायचं नाही. आवाज नाही, फ्लॅश नाही. 31 डिसेंबर 2024 ला शेजारच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्स्यांनी अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. योग्यच केलं.

गुसाडीची वाट अडवली तर दखल कोण घेणार?

राजुरा, जिवतीकडच्या गोंड गावांत दिवाळीला दंडार निघते. तीत नाचणाऱ्या गुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला टोप, अंगाला राख, हातात काठी. त्या दिवसांत तो अंघोळ करत नाही, राख धूत नाही. ते व्रत आहे. आणि लेन्स लावून उभा असलेला पाहुणा त्याला सांगतो, "काका, जरा उजेडाकडे तोंड करा. अजून एकदा नाचा." वारीच्या रिंगणात कुणी माउलींचा अश्व परत पळवायला सांगतं का?

मग नाव. वाघिणींची नावं पाहुण्यांना तोंडपाठ असतात. माया कुठली, छोटी तारा कुठली, बछडे किती, सगळं सांगतील. नाचणाऱ्या बाईच्या फोटोखाली मात्र 'गोंड नर्तकी, चंद्रपूर'. नाव विचारायला आणि ते लिहू का, असं विचारायला कितीसा वेळ लागतो?

खुद्द ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखाचं. वाघाशी झुंजताना तो गेला, असं लोक सांगतात. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते. कोळसा, बोटेझरी, जामणी, नवेगाव ही गावं व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधून उठली. देव आत राहिला, माणसं बाहेर आली.

आता त्यांनीच आपल्यासाठी नाचायचं.

याच मुलखातल्या बाया मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तिघींचा वाघाने जीव घेतला. ज्या वाघासाठी आपण हजारो रुपये मोजतो, त्याच्या शेजारी त्या रोज राहतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळवण्याआधी दोन शब्द बोलावेत, एवढंही जमू नये?

'पण विचारायचं कुणाला?' हा ठरलेला प्रश्न. गावाला विचारा! गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे सर्वांची सहमती झाल्याशिवाय ग्रामसभा निर्णय घेत नाही. ग्रामसभा गावोगावी आहे. आयोजकाला रिसॉर्टचा मॅनेजर सापडतो, ग्रामसभेचा अध्यक्ष कसा सापडत नाही?

आणि नाचगाणं टिपायचंच असेल तर झाडीपट्टी रंगभूमी आहे की! वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगावी रात्र-रात्र प्रयोग करतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे मंच आहे, तिकीट आहे, आणि नट लोकांनी बघावं म्हणूनच उभा आहे. तिकीट काढा, कंपनीला विचारा, मग पहाटेपर्यंत टिपा.

जायचं तर जरूर जा. चंद्रपूर-गडचिरोलीत पाहण्यासारखं पुष्कळ आहे, आणि चांगला फोटो गावालाही हवा असतो. फक्त पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: गावाशी बोलणं झालंय का, गावाला किती मिळणार, फोटोंच्या प्रती कोण पोचवणार? 'तिथे गेल्यावर बघू' असं उत्तर आलं, तर पैसे भरू नका.