ताकद कोणाच्या खात्यावर

१९७७ साली कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सल स्टुडिओत जगातला सर्वांत ताकदवान माणूस ठरवायची स्पर्धा पहिल्यांदा भरली. तिच्यात पाठीवर फ्रीज बांधून पळण्याचा एक प्रकार होता. फ्रँको कोलंबू हा शरीरसौष्ठवातला नावाजलेला गडी पळता पळता कोलमडला आणि त्याचा पाय गुडघ्यातून निखळला. गड्याची दया येतेच, पण त्याहून एक प्रश्न मला जास्त छळतो. तो फ्रीज पोचवायचा कोणाकडे होता? कोणाकडेच नाही. पलीकडे कोणी दार उघडून "इकडं ठेवा, जरा भिंतीला सरकवून" म्हणणारं नव्हतं.

तेव्हापासून ही स्पर्धा फोफावली. पोलंडच्या मारिउश पुद्झियानोव्स्कीने ती पाच वेळा मारली. २०१६ साली लीड्समध्ये एडी हॉल या इंग्रजाने ५०० किलो वजन जमिनीवरून उचललं, ते वेगळ्या मैदानात. नाकातून रक्त आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण वजन उचललंच. हे गडी ट्रक ओढतात, ओंडके डोक्यावर नेतात आणि शेवटी शंभर किलोच्या पुढचे वाटोळे गोटे एकामागून एक उंच ओट्यांवर चढवतात. पकड सुटू नये म्हणून हातांना चिकट राळ फासलेली असते. गोटा ओट्यावर टेकला की गडी दोन्ही हात वर करून अशी डरकाळी फोडतो, की ही ताकद माझी, माझ्या एकट्याची, याबद्दल कोणाला शंका राहू नये.

ही डरकाळी आपल्याकडे बसत नाही.

कवठे येमाईच्या आजूबाजूला चैत्र-वैशाखात एकामागून एक यात्रा लागतात. आखाड्यात हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या पोराटोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत दुपार सरते. जिंकलेला पैलवान काय करतो बघा. अंगाची माती न झटकता आधी वस्तादाच्या पायाला हात लावतो. मग फेटा पसरून प्रेक्षकांतून फिरतो, दहा-वीसच्या नोटा गोळा करतो. पुकारणारा त्याच्या नावाआधी तालमीचं नाव घेतो, मग वस्तादाचं, मग इनाम देणाऱ्याचं, तेही पदासकट. पैलवानाच्या नावाची पाळी येते तेव्हा दुसरी जोड लागलेली असते.

खंडोबाच्या यात्रेत बारागाड्या ओढतात, तेही पाहण्यासारखं. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत दाटीवाटीने चढलेली माणसं आणि पुढे भंडाऱ्याने पिवळाधमक झालेला भगत. 'येळकोट येळकोट'चा गजर होतो आणि गाड्या हलतात. तिकडच्या ट्रक ओढण्याला यानं सहज जोड द्यावी. पण भगताला विचारा, तुम्ही ओढल्या? तो कानाला हात लावील. देवानं ओढल्या. आपण नुसते पुढं होतो.

गोलसर दगडांच्या ताकदीचा तर इथल्या माणसांना शेजारच आहे. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधून कुकडी वाहते. तिच्या काळ्या कातळात भोवऱ्यांबरोबर दगडगोटे वर्षानुवर्षं गरगरले आणि रांजणखळगे कोरले गेले. एवढं काम करूनही गोट्यांच्या नावावर काही जमा नाही. दोन्ही काठांवर देवळं आहेत ती मळगंगेची.

बैलांची गत वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. घाट परत गजबजले. बारी सुटते, काही सेकंदांत बैल घाट चढून जातात आणि भोंग्यावर मालकाचं, त्याच्या भावाचं, चुलत्याचं अभिनंदन सुरू होतं. बैल तोवर धापा टाकत उभे. त्यांना गुलाल मिळतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ताकद गोळेश्वरच्या गड्याची, कर्ज प्राचार्यांचं आणि अभिमान आपल्या सगळ्यांचा. ही वाटणी मला बरी वाटते. नुसत्या डरकाळीत दुसऱ्या कोणाला वाटाच नसतो.

अर्थात ताकदीची रोखठोक नोंद आपल्याकडे अजिबात होत नाही असं नाही. कांद्याची पट्टी काढून बघा. मार्केटात हमाल पन्नास-पन्नास किलोच्या पिशव्या दिवसभर पाठीवर घेतो. ती ताकद पट्टीवर 'हमाली' म्हणून येते, तोलाई आणि वाराईच्या शेजारी, आणि एकूण रकमेतून वजा होते.

कवठ्याच्या पारावर एका पोराने ही गोट्यांची स्पर्धा मोबाइलवर लावली, तेव्हा शेजारचे तात्या चष्मा कपाळावर चढवून बघत होते. पाचवा गोटा चढला, गडी ओरडला, पोरानेही शिट्टी मारली.

"झालं?" तात्यांनी विचारलं.

"झालं की. हा पहिला."

"आन् ते गोटं?"

"ते ऱ्हात्यात तिथंच. आता दुसऱ्याची पाळी."

"तिथंच कसं ऱ्हातील? दुसरा काय उचलील मग? खाली घेतं कोन ते?"

पोराने व्हिडिओ पुढे-मागे केला. दोन गड्यांच्या मधला भाग कापलेला होता. "आसत्यात त्येंची मानसं," तो म्हणाला.

"किती गडी हैत स्पर्धेला?"

"धा."

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. धा पंचे पन्नास. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि त्या मानसांना इनाम किती, ते बघायला सांगितलं.