किमान तापमानाच्या रहिवासी दाखल्याविषयी

अखंडितशैत्यालंकृत राजमान्य राजश्री किमान तापमान, वास्तव्य अनिश्चित, यांचे सेवेसी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील समस्त थंडीग्रस्त रयतेचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पौष लागला की राजश्रींची स्वारी साताऱ्यात एकाच सकाळी तीन आकड्यांच्या रूपाने अवतरते: वर्तमानपत्रात एक, दूरचित्रवाणीच्या पट्टीवर दुसरा आणि मोबाइलवर तिसरा, आणि पोवई नाक्यावर चहाच्या गाडीपाशी कानटोपी घालून उभ्या असलेल्या माणसाला जी थंडी वाजते, तिच्याशी या तिन्हींपैकी एकाचाही मेळ बसत नाही. यावरून राजश्री खोटे बोलतात, असा आरोप करण्याचा प्रस्तुत पत्राचा हेतू नाही. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद ज्या काळात शोभत होता तो काळ मागे पडला असून, उद्याचा अंदाज आता बऱ्यापैकी भरवशाचा झाला आहे. रयतेची शंका निराळी आहे. राजश्रींचा आकडा बहुधा खरा असतो, पण तो नेमका कोठला असतो हे कळत नाही. आणि ज्या राज्यात शिधापत्रिकेपासून शाळाप्रवेशापर्यंत पदोपदी रहिवासी दाखला दाखवावा लागतो, तेथे एकट्या राजश्रींनाच त्यातून सूट कोणी दिली, एवढेच विचारावयाचे आहे.

शास्त्रानुसार किमान तापमान म्हणजे चोवीस तासांतील हवेचे सर्वांत कमी तापमान होय, आणि निरभ्र रात्रीनंतर ते सर्वसाधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास येते. ते मोजण्यासाठी झडपांच्या भिंती असलेली पांढरी लाकडी पेटी मोकळ्या गवताळ जागेत उभारतात व तीतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. या आडव्या नळीत अल्कोहोल असते आणि द्रव आकसताना त्याच्याबरोबर मागे ओढली गेलेली बारीक दांडी रात्रीच्या नीचांकाशी अडकून राहते. (मथळ्यांतून रोज घसरणारा पारा या नळीत नसतोच, तरीही तो वर्षानुवर्षे इमानेइतबारे घसरत आहे.) स्टीव्हन्सन पेटी या नावाने ओळखली जाणारी ही रचना स्कॉटलंडचे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांची, म्हणजे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या वडिलांची. तीत ऊन शिरत नाही, पाऊस शिरत नाही, हवा मात्र खेळती राहते, आणि अशा सर्वसुखसोयींनी युक्त पेटीत साताऱ्याचा एकही मतदार राहत नाही.

राजश्रींच्या बेपत्तेपणाचा सर्वांत ठळक पुरावा महाबळेश्वरी मिळतो. हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला दव गोठते. नौकाविहाराच्या जेटीवर, मोटारींच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर चढतो. पर्यटक तो नखाने खरवडून एकमेकांच्या तळहातावर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘मिनी काश्मीर’ हा मथळा गतवर्षीच्या खिळ्यावरून काढून पुन्हा छापला जातो. त्याच पहाटे वेधशाळेच्या नोंदीतला आकडा मात्र गोठणबिंदूच्या कितीतरी वर असतो, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार व म्हणून जड होते, आणि ही जड हवा उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. उंचीबरोबर तापमान उतरावे हा नेहमीचा क्रम येथे उलटतो, म्हणून या स्थितीस तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. शिवाय पेटी सव्वा मीटरवर, तर दव गवताच्या पात्यावर. त्यामुळे ‘महाबळेश्वर १२ अंश’ आणि ‘महाबळेश्वरात हिमकण’ ही दोन वाक्ये एकाच पानावर सुखाने नांदू शकतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तिने आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवून घेतला. जे एका फळाला साधले, ते राजश्रींना का साधू नये?

साताऱ्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. शहराच्या दक्षिणेस अजिंक्यतारा सुमारे तीनशे मीटर उभा आहे, पश्चिमेस यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे जातो, आणि पूर्वेस जमीन उतरत उतरत माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमाला मिळते. रात्रीची गार हवा या उताराची वाट बरोबर ओळखते. संगणकाला ती ओळखणे कठीण जाते. अंदाज वर्तवणारे प्रारूप, म्हणजे वातावरणाची गणिती प्रतिकृती, पृथ्वीची चौकटींत विभागणी करते आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची व एकच तापमान देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली ‘भारत अंदाज प्रणाली’ ही चौकट बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आणते, ही खरोखरच मोठी मजल आहे. परंतु सहा किलोमीटरांत किल्ल्याचा माथा, राजवाडा, गोडोली आणि नदीकाठ असा सारा सातारा मावतो, आणि त्या सर्वांची सरासरी काढल्यावर जे गाव उरते त्यात कोणाचेही घर नसते. अधिकृत पत्रकाची चौकट तर याहून ऐसपैस. हवामान विभागाच्या लेखी सातारा व सांगली ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात मोडतात, जो नंदुरबारपासून जतपर्यंत पसरला आहे. आणि त्यात ‘तुरळक ठिकाणी’ काही घडेल असे म्हटले की त्याचा अर्थ उपविभागातील फार तर पाव केंद्रांवर असा असतो. ती पाव केंद्रे धुळ्याकडची की कराडकडची, हे ज्याचे त्याने आपल्या हुडहुडीवरून ताडावयाचे.

‘थंडीची लाट’ हीदेखील कुडकुडण्याने सिद्ध होत नाही. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याखाली उतरले पाहिजे आणि शिवाय ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले पाहिजे, तेव्हा लाट मानली जाते (थेट ४ अंशांपर्यंत घसरण झाली तर सरासरीही विचारली जात नाही). म्हणजे जेथे सरासरी १३ अंश आहे तेथे ९ अंशांत शेकोटीभोवती बसलेली मंडळी शासकीयदृष्ट्या विनाकारण बसलेली ठरतात.

येथवर साताऱ्याची तक्रार गमतीची मानता येईल. कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगलीत, ती पैशाची होते. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झालेल्या द्राक्षबागा डिसेंबर-जानेवारीत मण्यांची फुगवण आणि त्यानंतर मण्यांत पाणी उतरणे, म्हणजे फळ पिकू लागणे, या अवस्थांत असतात. कडाका वाढला की फुगवण मंदावते, आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फार अंतर पडले की हिरव्या द्राक्षावर गुलाबी छटा येऊन दर पडतो, हे खरे. तरीही बागायतदाराला खरी धास्ती राजश्री खाली उतरण्याची नसून वर चढण्याची असते. उत्तर भारतावरून एखादा पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी पावसाळी हवेची प्रणाली, सरकत गेला की त्याच्या मागून कोरडे उत्तरी वारे येतात आणि थंडी पडते. पण बंगालच्या उपसागरात अथवा अरबी समुद्रात काही शिजले की बाष्प आत ओढले जाते, आकाश भरून येते, ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात आणि किमान तापमान एका रात्रीत काही अंशांनी वाढते. त्या सकाळी निवेदिका हसतमुखाने ‘थंडीपासून दिलासा’ अशी वार्ता देते, आणि त्याच वेळी तासगावच्या बागेत टॉर्चच्या उजेडात पाने उलटवून डाऊनी (केवडा) रोगाचा डाग शोधणे चालू असते. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आला, तेव्हा हा दिलासा कशाला म्हणतात हे जिल्ह्याने पाहिले. पाऊस थांबताच औषधाविना नुसता ब्लोअर ट्रॅक्टरमागे फिरवून घडांत अडकलेले पाणी झटकणाऱ्या माणसाला किमान तापमान किती होते हे सांगून उपयोग नसतो. पाने किती तास ओली राहतील आणि फवारणीला कोरडा अवधी किती मिळेल, हे त्याला हवे असते, आणि राजश्रींच्या दोन अंकी देहात ते मावत नाही.

तुलनेसाठी पंचांगाकडे पाहणे अस्थानी होणार नाही. ऐन थंडीत येणारी मकरसंक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली, कोणते वस्त्र नेसली, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेस निघाली आणि जाताना कोणीकडे पाहत होती, हा सारा तपशील संक्रांतफलात छापलेला असतो. त्यातून हवामान कळत नाही हे उघड आहे. परंतु देवी कोठून कोठे गेली एवढे तरी समजते, आणि या एका बाबतीत उपग्रहांनी व महासंगणकांनी सज्ज अशा राजश्रींपेक्षा ती अधिक शिस्तीची ठरते.

सबब रयतेची विनंती माफक आहे. राजश्रींनी प्रत्येक आकड्यासोबत तो प्रत्यक्ष मोजलेला की चौकटीवरून काढलेला, कोणत्या केंद्राचा आणि किती उंचीवरचा, हे लहान अक्षरांत का होईना नमूद करावे. दरीत व नदीकाठी किती अंश वजा धरावेत याचा अंदाज जोडावा. आणि सांगलीच्या वाट्याला येताना आपल्यासोबत दव, ढग व आर्द्रता या भावकीलाही आणावे. मोबाइलवरील ‘जाणवणारे तापमान’ या सोयऱ्यास मात्र घरीच ठेवावे, कारण वाऱ्यामुळे वाढणाऱ्या गारठ्याचे प्रचलित सूत्र १० अंश व त्याखालीच लागू होते, आणि साताऱ्याला काय जाणवते हे सातारकर विचारल्यावाचूनही सांगतात. बहुत काय लिहिणे, लोभ असू द्यावा, हे विनंती.

ता. क. – ‘थंडीपासून दिलासा’ हा मथळा द्राक्षांचा हंगाम आटोपेपर्यंत तासगाव तालुक्यात पाठवू नये.