मागच्या सीटवरचा निकाल

आमच्या नगर जिल्ह्यात मोटारसायकल घ्यायला चौघं जातात. एक घेणारा, एक पैसे देणारा, एक 'ॲव्हरेज किती' विचारणारा, आणि चौथा काही न बोलता गाडीला प्रदक्षिणा घालून मागच्या चाकाशी उकिडवा बसणारा. हा चौथाच खरा जाणकार. तो चाकाच्या डावीकडं बघतो, उजवीकडं बघतो आणि शोरूममधल्या टाय लावलेल्या पोराला विचारतो, "दुसरा शॉकअप कुठंय?" पोरगं उत्साहानं सांगतं, मोनोशॉक आहे काका, मधोमध एकच असतो. चौथा गुडघ्यावर हात टेकून उठतो आणि म्हणतो, "म्हंजी निम्म्यातच उरकलंय." तिथं व्यवहार गारठतो.

त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. ज्या मुलखानं पिढ्यान्‌पिढ्या जोडीनं बैल जुंपले, त्याला एकट्याच्या खांद्यावर ओझं बघवत नाही. आणि दोन शॉकअपचं वागणंही थेट बैलजोडीसारखंच असतं. एक थकला तर दुसरा ओढून नेतो, पण गाडी एका अंगाला झुकते. म्हणून तर मेकॅनिक एकच बदलायला गेलं की नाराज होतो आणि म्हणतो, जोडीनंच बदला.

गंमत अशी की याच चौथ्यानं उभी हयात चेतकवर काढलेली असते. बजाज चेतक आली १९७२ साली, आणि तिला मागं एकच शॉकअप होता. पुढं एक पोरगं उभं, मध्ये चालक, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोरगं आणि पायापाशी बाजाराची पिशवी, एवढं सगळं त्या एकट्यानं पेललं. सुरू होत नसेल तर स्कूटर तिरकी करून किक मारायची, हे सगळ्यांना माहीत होतं; मागं शॉकअप किती, हे कुणी मोजलं नाही. तो पत्र्याच्या आत होता. हल्लीच्या स्कूटरलाही डाव्या अंगाला एकच असतो आणि तिच्यावरून गल्लोगल्ली पिठाची पोती जातात. तिला कुणी हा प्रश्न विचारत नाही. संशय सगळा मोटारसायकलच्या वाट्याला.

मोटारसायकलचा हा एकटा शॉकअप जन्मला तोही एका बापाच्या काळजीतून. बेल्जियममधले लुसियां टिल्केन्स हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. मुलगा मोटोक्रॉसच्या शर्यती खेळायचा, म्हणजे चिखलातून, उंचवट्यांवरून उड्या मारत गाडी हाणायचा. मुलासाठी त्यांनी मागच्या बाजूचे दोन काढून मधोमध एकच लांबलचक शॉकअप बसवला. ही कल्पना यामाहानं घेतली, आणि १९७३ साली स्वीडनच्या हाकान अँडरसननं तसल्याच गाडीवर २५० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद मारलं. आपल्याकडं रोजच्या वापराच्या गाडीत तो रुळला होंडाच्या युनिकॉर्नपासून, म्हणजे २००४ पासून. पुढं २००८ मध्ये यामाहाच्या एफझेड आणि आर-१५ आल्या आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन शॉकअपवाली गाडी एकदम वडिलांची दिसायला लागली.

आता भरवशाचं बोलू. दोन शॉकअपवाल्या गाडीत ते चाकाच्या आसाजवळ उभे असतात. चाक जितकं उचलतं जवळजवळ तितकेच ते दबतात, आणि भार दोघं वाटून घेतात. मोनोशॉक बसतो मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बिजागरीजवळ. तिथं चाक शंभर मिलिमीटर वर गेलं तर तो चाळीसेकच दबतो. पण हलणं कमी झालं की जोर त्याच मापानं वाढतो. तरफेचा नियम आहे, कुणाला सूट नाही. ढोबळ हिशेबानं या एकट्यावर, जोडीतल्या एकावर येतो त्याच्या चार-साडेचार पट जोर येतो. म्हणून त्याची स्प्रिंग जाडजूड आणि रॉडही तसाच. निम्म्यात उरकलेलं काही नसतं. उलट सगळं त्याच्याच गळ्यात मारलेलं असतं. तरी तो दगा देत नाही. चांगल्या रस्त्यावर आणि वळणावर तर तो जोडीपेक्षा सरस, कारण दोघांच्या तब्येतीतला फरक हा प्रश्नच नाही.

दगा बसतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि ते आमच्या दूधवाल्यांनी कधीच ओळखलंय. संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा, कुठल्याही रस्त्याला पहाटे उभे राहा. कॅन लावलेल्या गाड्यांची रांग लागते. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की नुसतं दूधच ब्याऐंशी किलोच्या घरात, वर कॅनचं वजन, कॅरिअरचं वजन, आणि मध्ये बसलेले मामा. या रांगेत मोनोशॉक शोधून सापडायचा नाही. मामांना विचारलं तर ते म्हणतात, "एका शॉकअपवर दूध जात न्हाय." निष्कर्ष शंभर टक्के बरोबर, कारण मात्र वेगळं. दोन शॉकअपवाल्या गाडीत सीटच्या पाइपखालीच शॉकअपचा माथा असतो. कॅनचं ओझं पाइपावर, पाइपावरून शॉकअपवर, तिथून सरळ चाकाच्या आसावर, असं खांबावरून उतरल्यासारखं खाली जातं. मोनोशॉकवाल्या गाडीत सीटचा मागचा भाग अधांतरी. त्याच्याखाली हवा. कॅन तिथं टांगले की शॉकअप ठणठणीत राहतो आणि सीटचा पाइप वेल्डिंगपाशी चिरतो. बिचाऱ्या शॉकअपवर नाहक ठपका.

त्याचा खरा वैरी म्हणजे आमची धूळ. उन्हाळ्यात गाडी उभी केली आणि मेकॅनिकनं मागचा मडगार्ड काढला की आत जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. चाकानं उडवलेली माती थेट शॉकअपवर बसून कडक झालेली, आणि रॉडच्या तोंडाशी तेल व धूळ मिळून काळपट लापशी. मेकॅनिक त्यात बोट घालतो, अंगठ्यावर चोळतो, आणि मान हलवतो. बारीक कच रॉडवर घासत राहते, ऑईल सील झिजतं, तेल पाझरतं. शॉकअपच्या आत भोकं असलेला दट्ट्या तेलातून वरखाली होत असतो. स्प्रिंग उसळी मारते आणि तेल त्या उसळीला लगाम घालतं. तेल गेलं की उरते नुसती स्प्रिंग, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यानंतर आणखी दोन-तीन वेळा होय-होय म्हणत राहते. जोडीतला एक पाझरला तर दुसऱ्याच्या जिवावर घरापर्यंत येता येतं. इथं एकटाच गेला की सगळंच गेलं. शिवाय बऱ्याच गाड्यांत तो बंद डब्यासारखा. उघडून दुरुस्त करायचा नाही, आख्खा बदलायचा. किंमत ऐकून माणूस क्षणभर बैलजोडीच्या पक्षात जातो.

गाड्यांना हादरे देऊन बघण्याचं काम आमच्या नगर शहरात सरकारी पातळीवर चालतं, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था, म्हणजे व्हीआरडीई, नगरचीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम नवीन गाडी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची नावं सांगतो, त्यांत ती आहे. नगर–मनमाड रस्त्यानं पावसाळ्यात गेलेल्या माणसाला मात्र वाटतं, परीक्षेचा हा भाग जनतेसाठी मोफत खुला ठेवलेला दिसतो.

१९९४ साली सुरू झालेल्या आमच्या रणगाडा संग्रहालयात तर शॉकअपचा सगळा इतिहास उन्हात उभा आहे. लोक तोफेसमोर फोटो काढतात. मी वाकून पट्ट्याच्या आत बघतो. सेंच्युरियनची चाकं जोडीजोडीनं टांगलेली, स्प्रिंगा बाहेर. १९६५ च्या युद्धात पकडलेल्या पॅटनला बाहेर स्प्रिंग दिसतच नाही. पोटात, तळाशी आडवे पोलादी गज आहेत, प्रत्येक चाकाला एक, चाक उचललं की गज पिळला जातो आणि सुटताना चाक खाली लोटतो. या पट्ट्याचंच हलकं, गोरं भावंड म्हणजे बर्फावर पळणारी स्नोमोबिल. क्वेबेकच्या बोंबार्दिये यांनी १९५९ साली स्की-डू आणली तिथून ती घरोघर गेली. तिलाही मागं चाक नाही, रबरी पट्टा, आणि शॉकअप पट्ट्याच्या पोटात. बहुतेकींना तिथं दोन असतात, काहींना एक. यामाहानं तिथंही मोनोशॉक बसवलाच. आणि तिथंही कुणीतरी चौथा, हातमोजे घालून बर्फात उकिडवा बसत असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

एवढं सगळं झाल्यावरही एक गोष्ट कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसते. मागचा शॉकअप कसा आहे हे चालवणाऱ्याला कळतच नाही. तो दोन चाकांच्या मध्ये, हँडल धरून, खड्डा आधी बघून बसलेला असतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, थेट भेटतो. १२३ व्या नियमानं मागं बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाच्या निम्म्या भागावर संरक्षण द्यायला लावलंय. साडीचा पदर त्यामुळं वाचतो, कंबर नाही. आमच्या मावशींना पाथर्डीच्या रस्त्यानं मोहट्याला नेलं की त्या उतरून आधी देवीच्या दिशेनं हात जोडतात, मग भाच्याकडं वळून म्हणतात, "गाडी चांगलीये रे, पण मागचं सीट दुसऱ्या कुणाचं बसवलंय का?" त्यांना एक-दोनचा फरक कुणी सांगितलेला नाही. तरी दोन शॉकअपवाल्या शंभर सीसीच्या मऊ लांब सीटवरून आल्या की त्या गप्पा मारत उतरतात, आणि मोनोशॉकवाल्या उंच, टोकदार सीटवरून आल्या की मुकाट्यानं.

यावर उपाय गाडीतच दिलेला असतो. स्प्रिंगखाली खाचांची एक कडी असते. मावशी बसणार असतील तर ती हूक पान्यानं दोन घरं फिरवायची, स्प्रिंग आधीच दाबलेली राहते, गाडी खाली बसत नाही. हा पाना सीटखालच्या टूलकिटमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत असतो. ती पिशवी फोडलेली मी अजून बघितलेली नाही. शोरूमनं जिथं ठेवली तिथंच कडी राहते, तिच्यावर मातीचा थर चढतो, आणि आठ वर्षांनी गाडी विकायला काढली की घेणाऱ्याबरोबर पुन्हा चौघं येतात. त्यांच्यातला चौथा सीटवर तळवा ठेवून दोनदा दाबतो, कान देऊन ऐकतो, आणि म्हणतो, "शॉकअप ठीक हाय. पण एकच हाय. दोन हजार कमी करा."