किती देते?

म्हापशाच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला की पूर्वी दोन प्रश्न ठरलेले असत. पहिला "बरो मू?" आणि दुसरा, हातातल्या पिशवीकडे बघत, "नुस्तें कितें?" हल्ली दोन्ही मागे पडले. आता माणूस गाडीच्या चावीकडे बघून सरळ विचारतो, "किती देते?" उत्तर देणारा आधी आजूबाजूला कोण उभे आहे ते पाहून घेतो आणि मग आकडा सांगतो. मेहुणा असला तर चोवीस, साडू असला तर सव्वीस आणि एखादा डिझेलवाला कान देऊन ऐकत असला तर थेट अठ्ठावीस.

ही साथ पसरली २०२२च्या सप्टेंबरपासून. त्या महिन्यात मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोघी सख्ख्या बहिणी उजवल्या गेल्या. दोघींचे माहेर कर्नाटकातले बिडदी. दोघींच्या हायब्रीड अवताराच्या पोटात तेच दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, तीच मोटर, तीच बॅटरी. फरक काय तो नाकाडोळ्यांचा आणि दरवाजावरच्या पाटीचा. या अवताराचा दावाही एकच, लिटरला २७.९७ किलोमीटर. अठ्ठावीस म्हटले असते तर लोकांना थाप वाटली असती. बाटाच्या चपलांनंतर दशांशचिन्हाचा इतका परिणामकारक वापर आमच्या पाहण्यात नाही.

हा आकडा निघतो प्रयोगशाळेत. गाडीची चाके रोलरवर फिरतात आणि गाडी जागेवरच असते. तिथे एसी बंद. तिथे पाऊस नाही, रस्त्यात बसलेली गाय नाही, भाड्याच्या स्कूटरवरून उलट्या बाजूने येणारा पर्यटक नाही आणि मागच्या सीटवरून "जरा सावकाश" म्हणणाऱ्या सासूबाई नाहीत. गोव्यातल्या चालकाला जन्मात जे जे लाभत नाही, ते सगळे त्या एका खोलीत लाभते. म्हणून त्या खोलीतला आकडा बाहेरच्या माणसाने किती मनाला लावून घ्यावा, याला काही मर्यादा हवी होती. ती म्हापशात राहिली नाही.

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त होऊन खोर्लीला असतात. त्यांच्या नव्या गाडीतून भर मे महिन्यात डिचोलीला जायचा योग आला. बटण दाबले, काहीच आवाज झाला नाही.

"चालू झाली?" आम्ही विचारले.

"झाली."

"मग आवाज?"

"तोच तर मुद्दा!" असे म्हणून ते विजयी मुद्रेने स्क्रीनकडे वळले आणि डिचोली येईपर्यंत तिथून हलले नाहीत. त्या स्क्रीनवर इंजिन, बॅटरी आणि चाके यांची चित्रे असतात आणि त्यांच्यात बाण धावत असतात. बॅटरीतून चाकाकडे बाण गेला की स्नेह्यांचा चेहरा उजळे. इंजिनातून गेला की घरातला जिन्नस शेजाऱ्याने नेल्यासारखा पडे. थिवी मागे पडली तोवर आमच्या मागे एक बस, दोन टिप्पर आणि पावांची पाटी सायकलला बांधलेला एक पोदेर अशी मिरवणूक जमली होती. पोदेराने पोंपों वाजवून आम्हाला मागे टाकले.

"एसी लावू या का?" आम्ही चाचरत म्हणालो.

"एसी लावला की बॅटरी उतरते. बॅटरी उतरली की इंजिन उठते. कशाला उठवायचे?"

काचाही बंदच होत्या, कारण उघड्या काचेतून वारा आत शिरला की गाडी अडते, असे त्यांनी कुठेसे वाचले होते. मागून वहिनी म्हणाल्या, "अहो, समोर बघा. तुमचा आकडा वाढतोय तसे माझे बीपी वाढतेय." मुळगावला रस्त्यात एक गाय आडवी उभी होती. गाडी बॅटरीवर, त्यामुळे तिला आमची चाहूल लागेना. स्नेहीही हॉर्न वाजवीनात. हॉर्नलाही बॅटरी लागते. अखेर तिने आपल्या मर्जीने वाट दिली. डिचोलीत पोचल्यावर स्क्रीनवर २६.१ उमटले. स्नेह्यांनी आधी त्या आकड्याचा फोटो काढला, तो व्हॉट्सअॅपवर सोडला, आणि मग वहिनींना पाणी दिले.

ही झाली स्क्रीनवाल्यांची जात. दुसरी जात घाटवाल्यांची. यांच्या फोटोत पंचेचाळीस, पन्नास असेही आकडे सापडतात. कृती सोपी आहे. बेळगावहून येताना चोर्ला घाटाच्या माथ्यावर थांबायचे, मीटर शून्य करायचा आणि खाली केरीत पोचल्यावर फोटो काढायचा. उतारावर पाय काढला की मोटर जनित्र बनून वीज तयार करते आणि ती बॅटरीत साठते, एवढे विज्ञान खरे आहे. पण ही बॅटरी आहे ०.७६ युनिटची, म्हणजे पाऊण युनिट. निम्मा घाट उतरण्याआधीच तिचे पोट भरते आणि पुढचा उतार वाया जातो. चढताना उलटी गत. पाऊण युनिट संपले की सगळा भार त्या तीन सिलिंडरांवर येतो आणि नेहमीचे गिअर नसल्यामुळे इंजिन एकाच वरच्या सुरात ओरडत राहते. चढतानाचा फोटो मात्र आजवर कोणी पाठवलेला नाही. घाटवाल्यांच्या हिशोबात चोर्ला फक्त उतरतो.

तिसरी जात एकाच माणसाची आहे. डिचोलीचा हा गृहस्थ एके काळी खनिजाचे ट्रक बाळगून होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ला पुन्हा पडल्या, ट्रक अंगणात गंजले. तेव्हापासून लिहून ठेवल्याशिवाय तो कशावरही विश्वास ठेवत नाही. गाडीचा स्क्रीन त्याने अजून नीट पाहिलेला नाही. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर वहीत लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरली की भागाकार करायचा. त्याचा आकडा येतो बावीस. पावसाळ्यात एकवीस. "गाडी बरी आहे," तो म्हणतो, "शहरात मऊ चालते, क्लचची कटकट नाही, बावीस काही वाईट नाही." हे शब्दन् शब्द खरे असल्यामुळे त्याला कोणत्याही मैफलीत बोलावत नाहीत.

पेडण्याच्या बाजूला सूर वेगळा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि टॅक्सीवाल्यांच्या बोलण्यात मायलेजबरोबर डिकीही आली. धारगळचा एक टॅक्सीवाला सांगत होता, "पात्रांव, टाकी संपता संपत नाही हे कबूल. पण बॅटरी ठेवली आहे डिकीखाली. चार जणांचे कुटुंब उतरते, चार मोठ्या बॅगा उतरतात. दोन बॅगा डिकीत, एक पुढे, आणि चौथी आजीच्या मांडीवर. आजी हरमलपर्यंत काही बोलत नाही. मग रेटिंग देते."

आकडा कमी आला तर दोष कोणाचा, याची सोय सरकारने करून ठेवली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. त्याने मायलेज थोडे घटते, हे सरकारनेही मान्य केले. गाडी जुळवून घेतलेली असेल तर एक-दोन टक्के, नसेल तर तीन ते सहा. आमच्या मालकमंडळींनी ते वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत नेऊन ठेवले आहे. टायरात हवा कमी असो की पाय जड असो, गुन्हेगार एकच, ऊस. ऊस घालायचाच होता तर त्याऐवजी काजूचा हुर्राक घातला असता, असे एका भाटकारांचे म्हणणे पडले. गाडीने कमी दिले असते, पण अभिमानाने दिले असते.

आता बँकवाल्या स्नेह्यांची क्षमा मागून थोडा हिशोब. त्याच गाडीच्या साध्या ऑटोमॅटिकपेक्षा हायब्रीड अडीच लाखांच्या आसपास महाग पडते. साधी पंधरा देते, ही बावीस देते. महिन्याला हजार किलोमीटर धावली तर एकवीस लिटर वाचतात. सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये धरले तर महिन्याचे एकवीसशे. म्हणजे अडीच लाख वसूल व्हायला दहा वर्षे. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची. फायदा सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी हमी संपते. त्यात गोव्यात पेट्रोल शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त. २०१२ साली म्हापशाचेच सुपुत्र मनोहर पर्रीकर यांनी व्हॅट जवळपास शून्यावर आणला, लिटरमागे अकरा रुपये एका फटक्यात उतरले. पुढे कर थोडा थोडा परत चढला, तरी बांदा-सावंतवाडीची मंडळी आजही टाकी भरायला पत्रादेवी ओलांडून येतात. थोडक्यात, पेट्रोल वाचवणारी गाडी घ्यावी सावंतवाडीकराने आणि घेतो म्हापसेकर. शिवाय पंचेचाळीस लिटरच्या एका टाकीत पत्रादेवी ते पोळे अंतर सहा वेळा तरी कापता येते. जायचे कुठे, हा प्रश्न गोव्याच्या नकाशाने तसाच ठेवला आहे. म्हणून मंडळी मायलेज पाहण्यासाठी फिरतात. वाचलेले पेट्रोल त्यातच संपते.

मग सरळ विजेची गाडी का नाही? तिला जीएसटी ५ टक्के आणि या आकाराच्या हायब्रीडला ४०. पूर्ण श्रद्धा ठेवणाऱ्याला सवलत आणि अर्धी ठेवणाऱ्याला दंड, असा सरकारी न्याय आहे. तरीही म्हापसेकर अर्धीच ठेवतो. जूनचा पहिला पाऊस पडला की फणसाची फांदी तारेवर पडते, दिवे जातात आणि घरातला माणूस मेणबत्ती शोधत म्हणतो, "बरे झाले, पेट्रोलवर पण चालते."

इथवर सगळे थट्टेवारी नेता आले असते. खरी पंचाईत पुढे आहे. ही गाडी सर्वांत चांगला आकडा कुठे देते? महामार्गावर नव्हे. मोकळ्या रस्त्यावर इंजिन सतत चालते आणि आकडा घसरतो. तिचे सोने होते ते कोंडीत. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी करासवाड्यापासून टॅक्सी स्टँडपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा इतरांची इंजिने पेट्रोल पीत असतात आणि हायब्रीडचे इंजिन झोपलेले असते. पर्वरीत उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून तर कित्येकांच्या आकड्यात दोनची भर पडली, असे ते अभिमानाने सांगतात. खड्डा आला की ब्रेक, ब्रेक लागला की बॅटरी भरते. ज्या रस्त्याने एरवी कंबर मोडायची, तो आता वीज देतो.

परिणाम असा की, म्हापशातला जो वर्ग पूर्वी तावातावाने तक्रारी करायचा, ज्याच्या पत्रांनी संपादकांच्या टपालपेट्या भरायच्या, ज्याचा फोन नगरसेवक उचलायचा, तो वर्ग समाधानी झाला आहे. खोर्लीच्या स्नेह्यांनी एकेकाळी एका गटारासाठी अकरा अर्ज केले होते. परवा कोंडीत पाऊण तास अडकले तेव्हा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "शांत, थंड, पेट्रोल शून्य. इथे वाईट काय आहे?" आम्ही काच खाली केली आणि त्यांना बाहेरचा आवाज ऐकवला. त्यांनी काच वर केली.

या मंडळींची एक निवेदन देण्याची तयारी चालली आहे असे ऐकतो. पर्वरीचा पूल होऊ दे, पण त्यावर मधे मधे गतिरोधक घालावेत. मोकळा रस्ता म्हणजे इंधनाचा अपव्यय. शुक्रवारचा बाजार आठवड्यातून निदान तीनदा भरवावा. आणि खड्डे बुजवायचेच असतील तर एकाच बाजूचे बुजवावेत, म्हणजे जाताना खर्च आणि येताना चार्जिंग असा समतोल राहील. आजवरच्या सगळ्या निवेदनांत अंमलबजावणीची सर्वाधिक शक्यता असलेले हे पहिलेच निवेदन आहे.

त्याच कोंडीत पुढे एक बस उभी होती. आत पन्नास माणसे, त्यात मयड्याची केळी विकून परतणाऱ्या दोन बायका, टोपल्या पायांत घेऊन. बस लिटरला चार-साडेचार देते. पन्नासांनी गुणले की माणशी दोनशेच्या वर जाते. पाच सीटांच्या गाडीत स्नेही एरवी एकटेच असतात, म्हणजे माणशी बावीस. आम्ही हा गुणाकार पाकिटाच्या मागे मांडून त्यांच्यापुढे धरला. बँकेतला माणूस, आकडे दोनदा तपासले, चूक सापडली नाही. बराच वेळ गप्प राहिले. मग छताकडे बोट करून म्हणाले, "सगळे खरे. पण बसला सनरूफ कुठे आहे?"