आधी डोळ्यांत पाणी, मग टाकीत

समजा, तुम्हाला पाण्याची टाकी विकायची आहे. काळी, प्लॅस्टिकची, हजार लिटरची. जाहिरात करायला बसलात की पहिला मोह होईल तो टाकीबद्दल बोलण्याचा. तो आवरा. थर किती, झाकण कसं, उन्हात तडकते का, हे प्लंबरला सांगा. गिऱ्हाइकाला बाबा दाखवा.

बाबा निवडताना घाई नको. साठीच्या पुढचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. खोकला चालेल, पण एकदाच. दोनदा खोकले तर लोकांना औषधाची जाहिरात वाटते. मुलगा लहान असताना हे बाबा पहाटे उठून सार्वजनिक नळावर रांग लावायचे. आता मुलाने घर बांधलंय. तो बाबांचे डोळे झाकून त्यांना गच्चीत नेतो, हात काढतो. समोर टाकी. बाबा काही बोलत नाहीत (बोलले तर किंमत विचारतील). इथे बासरी. पियानो नको, तो कॉफीवाल्यांनी अडवलाय.

आकडे घालू का, असं तुम्ही विचारालच. ऐंशीच्या दशकात निरमाच्या स्वस्ताईशी गाठ पडली तेव्हा सर्फच्या ललिताजीने टीव्हीवर चक्क हिशेब मांडला होता. तो हिशेब आता कोणाला आठवतो? भाजीवाल्याशी घासाघीस करणारी ती ठसक्याची बाई मात्र सगळ्यांना आठवते. आमच्या आईला तर तिची साडीसुद्धा आठवते.

थोडं पुढचंही बघा. हिरा कायमचा असतो, हे डी बीअर्सने 1947 पासून जगाच्या गळी उतरवलं. यातली मेख अशी, की कायमची वस्तू कोणी मोडत नाही. जुने हिरे बाजारात परत आले नाहीत की नव्यांचा भाव टिकतो. तुमची टाकीही नुसती टाकी राहता कामा नये, बाबांची आठवण झाली पाहिजे. भंगारवाल्याला देताना मुलाचा हात थरथरला पाहिजे.

वस्तूबद्दल खोटं मात्र बोलू नका. नीतीचा प्रश्न नाही, सापडता म्हणून. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, भाज्या भरपूर आहेत असं वाटावं म्हणून. तिथल्या व्यापार आयोगाने गोट्या धरल्या. आपल्याकडेही 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात द्यावी लागते. म्हणजे 'वीस वर्षं टिकते' म्हणालात की अडकलात. पण बाबांचे डोळे भरून आले, हा दावा कोणी कोणत्या प्रयोगशाळेत तपासायचा? तिथे तारांकन लागत नाही, तळटीप लागत नाही, लिटरही सांगावे लागत नाहीत.

टाकीचं नाव शेवटच्या तीन सेकंदांत, बारीक आवाजात. तोवर प्रेक्षक नाक पुसत असतो.

टाकी गळते अशी तक्रार आलीच, तर लगेच दुसरा भाग काढा. बाबा टाकीखाली बादली लावून बसलेत. मुलगा परदेशातून येतो, बादली बघतो आणि न बोलता शेजारी बसतो. बासरी तीच ठेवा, तिचे पैसे आधीच दिलेत.